टगबोट आणि घरचीं माणसें

मुंबईच्या अगर न्हावा-शेव्याच्या बंदरांत शिरणारें एखादें प्रचंड जहाज पाहण्याचा योग आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांना आला असेल. अशा वेळीं सर्वांची दृष्टि त्या जहाजावर खिळते. त्याच्या नाळेपाशीं व कुशीपाशीं घुटमळणाऱ्या दोन-चार ठेंगण्या बोटींकडे लक्ष देण्याचें कोणास सुचत नाहीं. वस्तुतः त्या बोटींच्या मदतीवांचून तें जहाज धक्क्यास सुखरूप लागणें बहुधा अशक्य असतें. स्वतःच्या सामर्थ्यावर महासागर ओलांडून आलेलें जहाज बंदराच्या अरुंद पाण्यांत अवघडून जातें. मग त्याला दोर लावून ओढणें, कडेनें रेटणें, वळविणें व अलगद धक्क्यास टेकविणें हें काम या बोटींना करावें लागतें. यांनाच टगबोट किंवा नुसतें टग असें म्हणतात. ज्यांना स्वतःचें एंजिन नाहीं अशा सपाट बार्ज समुद्रांतून व नद्यांतून ओढून किंवा ढकलून नेणें हेंहि त्यांचेंच काम.

या टगवर राबणाऱ्या मूठभर माणसांचा जीव कोणकोणत्या गोष्टींवर अवलंबून असतो, याचा थोडा विचार या लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे. हा विषय केवळ खलाशांचा आहे, आपल्याशीं त्याचा काय संबंध, असें कोणी म्हणूं नये. सुशिक्षित घरांतील मुलेंहि आतां नौकाशिक्षण घेऊन समुद्रावर जाऊं लागलीं आहेत. आणि दुसरें असें कीं, त्या सुरक्षिततेचा एक धागा समुद्रावरून थेट आमच्या माजघरापर्यंत येऊन पोंचतो, हें पुढें दिसून येईल.

बंदरांतील आधुनिक टग सुमारें तीस मीटर लांब असते, परंतु तिची ओढ साठ-सत्तर टनांची असूं शकते. देह लहान आणि शक्ति अचाट, यांतच तिच्या धोक्याचें मूळ आहे. घरांतील उंच घडवंचीच्या पायाला दोर बांधून ओढलें तर ती सरकत येते. तोच दोर वरच्या कडेला बांधून आडवा हिसका दिला तर ती उलथून पडते. टगचेंहि तसेंच आहे. दोर तिच्या पिछाडीकडून सरळ ताणलेला असेपर्यंत भय नसतें. परंतु मागील जहाज वेगानें पुढें सरकलें, किंवा टग वळतांना आडवी झाली, आणि तोच दोर तिच्या कुशीवरून ताणला गेला, म्हणजे त्या जहाजाचें हजारों टनांचें वजन तिला आडवें खेंचूं लागतें. टग कलते, पाणी डेकवर चढतें, आणि विचार करण्यास अवधि मिळण्यापूर्वींच ती उलटते.

यावर तीन उपाय आहेत. ओढीचा दोर पिछाडीकडेच राहावा म्हणून त्यास दुसऱ्या आंवळत्या दोरानें जखडणें, हा पहिला. संकट दिसतांच एका कळीसरशीं ओढीचा दोर सुटावा अशी योजना ठेवणें व ती वारंवार चालवून पाहणें, हा दुसरा. आणि दोर घेण्यापूर्वीं डेकवरील सर्व जलाभेद्य दारें व झडपा बंद करणें, हा तिसरा. टग कलली तरी पाणी आंत न शिरल्यास ती पुन्हां सांवरण्याचा संभव असतो.

या तीन गोष्टी न साधल्या तर काय होतें, हें स्कॉटलंडमधील क्लाइड नदींत १९ डिसेंबर २००७ रोजीं दिसून आलें. ‘फ्लाइंग फँटम’ नांवाची टग एका मोठ्या जहाजाला पुढून दोर लावून चालली होती. दाट धुकें पडलें. दिशा हरवून टग आडवी झाली आणि उलटली. दोर सोडण्याची कळ दाबली गेली, परंतु दोर हवा तितक्या त्वरेनें सुटला नाहीं. एंजिनाच्या खोलीचें दार उघडेंच होतें, त्यांतून पाणी आंत घुसलें. चौघांपैकीं तिघे गेले, एकटाच वांचला. पुढें न्यायालयानें टगच्या मालकांस १७ लक्ष पौंडांचा व बंदराच्या कंपनीस साडेसहा लक्ष पौंडांचा दंड केला. परंतु दंडानें गेलेलीं माणसें परत येत नाहींत.

दार लावणें हा काय नियम झाला, असें एखाद्यास वाटेल. परंतु घरोघरीं रात्रीं निजण्यापूर्वीं कोणीतरी वडीलधारें माणूस कड्या-कोयंडे पाहून येतेंच कीं नाहीं? चोर रोज येत नाहीं म्हणून तें माणूस एक दिवसहि हा नेम मोडीत नाहीं. टगवरील सुरक्षितता ही अशीच नित्यनेमाची गोष्ट आहे. उकडतें म्हणून दार उघडें ठेवण्याचा मोह खलाशास रोज होतो, आणि रोज कांहीं होत नाहीं. म्हणूनच तो मोह घातक होय.

असे आणखी कित्येक नेम आहेत. ताणलेला दोर तुटला म्हणजे त्याचें टोंक चाबकासारखें उलटतें व वाटेंत येणाऱ्याचे हातपायच नव्हे, तर प्राणहि घेतें. म्हणून दोरावर ताण असतांना डेकवर विनाकारण उभें राहूं नये. टगवरून बार्जवर पाऊल टाकतांना दोहोंमधील फटींत पडून माणसें चिरडलीं गेलीं आहेत. म्हणून जीवरक्षक जाकीट अंगावर हवें, खुंटीवर नव्हे. बार्जच्या बंद टाक्यांचा धोका तर डोळ्यांना दिसतच नाहीं. लोखंड गंजतांना हवेंतील प्राणवायु शोषून घेतें. हवेच्या शंभर भागांत प्राणवायूचे जे एकवीस भाग असावयाचे ते बंद टाकींत इतके घटतात कीं, आंत उतरणारा मनुष्य दोन श्वासांतच कोसळतो. त्याला काढण्यास दुसरा धांवतो, आणि तोहि तेथेंच पडतो. आपल्याकडे जुन्या विहिरींत अगर धान्याच्या पेंवांत उतरण्यापूर्वीं जाणते लोक तें कांहीं काळ उघडें ठेवीत व आंत दिवा सोडून पाहत. बार्जवर मात्र दिवा सोडणें म्हणजे स्फोटास आमंत्रण. तेथें हवा मोजण्याचें यंत्रच पाहिजे. १ जानेवारी २०१५ पासून आंतरराष्ट्रीय नियमांनीं समुद्रगामी जहाजांवर दर दोन महिन्यांस या बचावाची कवाईत सक्तीची केली आहे.

यंत्रें आणलीं म्हणजे काम झालें असेंहि नव्हे. अमेरिकेंत अलाबामा संस्थानांत २२ सप्टेंबर १९९३ च्या पहांटे बार्ज ढकलीत चाललेली ‘मॉव्हिला’ नांवाची टग धुक्यांत वाट चुकून भलत्याच प्रवाहांत शिरली व तिच्या बार्जची धडक रेल्वेच्या पुलास बसली. रूळ सरकले; थोड्याच मिनिटांत आलेली आगगाडी पाण्यांत कोसळून ४७ माणसें मेलीं. टगवर रडार होतें; परंतु त्यावरील खुणा ओळखण्याचें रीतसर शिक्षण सुकाणूवरील माणसास मिळालेलें नव्हतें. त्या देशांतील टगांची रीतसर तपासणी करण्याचा कायदा २००४ सालीं झाला, त्याचे तपशीलवार नियम २०१६ च्या जून महिन्यांत निघाले, आणि ते पुरते अंमलांत येण्यास २०२२ चा जुलै उजाडला. कायद्याचीं पावलें अशीं मंद असतात; तोंपर्यंत माणसाचा स्वतःचा नेमच त्याचा रक्षक.

मुंबईकरांस तर दूरचें उदाहरण नकोच. मे २०२१ मध्यें तौक्ते वादळाची सूचना हवामानखात्यानें आधींच दिली होती. तरीहि मुंबई हायच्या तेलक्षेत्रांत कित्येक नौका राहून गेल्या. ‘पी-३०५’ ही माणसांच्या वस्तीची बार्ज १७ मे रोजीं बुडाली, आणि त्याच भागांतील ‘वरप्रदा’ ही टगहि बुडाली. टगवरील तेरा जणांपैकीं दोघेच वांचले. दोन्ही मिळून २७४ माणसें होतीं. नौदलानें खवळलेल्या दर्यांतून १८८ जणांस जिवंत बाहेर काढलें, ८६ जण गेले. निघावयाचें असेल तर वादळ दिसण्यापूर्वीं निघावें, हा धडा इतकी किंमत देऊन शिकावा लागूं नये.

भय केवळ पाण्याचेंच असतें असें नाहीं. ओझें ओढणारी टग मंद चालते व तिचा डेक पाण्यापासून हातभरच उंच असतो. म्हणून चांचे लोकांस तीवर चढणें सोपें जातें. २६ मार्च २०१६ रोजीं फिलिपाइन्सच्या दक्षिणेकडील पाण्यांत ‘ब्रह्मा १२’ ही इंडोनेशियन टग अडवून तीवरील दहा खलाशांस पळवून नेण्यांत आलें. १ मे रोजीं त्यांची सुटका झाली. अशा पाण्यांत दुहेरी पहारा, आंतून बंद केलेलीं दारें, लपण्याची एक भक्कम खोली आणि किनाऱ्याशीं ठरल्या वेळीं संदेश, हेच उपाय होत.

आतां ज्या धाग्याचा उल्लेख आम्हीं आरंभीं केला त्याकडे वळूं. ७ जुलै २०१० रोजीं अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहराजवळ डेलावेर नदींत, जमिनीवर व पाण्यांतहि चालणारें एक सहलीचें वाहन एंजिन बिघडल्यामुळें नांगर टाकून उभें होतें. त्यांत ३५ प्रवासी व दोन नोकर होते. एक टग बार्ज घेऊन त्याच वाटेनें आली आणि बार्ज थेट त्या वाहनावर चढली. हंगेरीहून आलेली सोळा वर्षांची एक मुलगी व वीस वर्षांचा एक तरुण असे दोघे बुडाले. वाहनाच्या बाजूचेहि दोष चौकशींत निघाले. परंतु टगच्या सुकाणूवरील अधिकारी त्या वेळीं काय करीत होता? तो आपल्या घरच्या माणसांशीं टेलिफोनवर बोलत होता. त्याच्या लहानग्या मुलाच्या डोळ्यांवर त्या दिवशीं शस्त्रक्रिया होती. तींत अकस्मात् बिघाड होऊन मुलाच्या जिवावर बेतलें होतें. टेलिफोनवर टेलिफोन चालले होते. जेथून सर्व नदी दिसते ती वरची जागा सोडून तो खालच्या खोलींत गेला होता. धोक्याच्या हांका त्याच्या कानांवर पडल्या नाहींत. कामावर असतांना टेलिफोन करूं नये असा कंपनीचा नियम होता. त्याला सुमारें एक वर्षाच्या कैदेची शिक्षा झाली.

त्या बापाचें मन मुलाकडे धांवलें, याबद्दल कोणता आईबाप त्याला बोल लावील? दोष मनाचा नव्हता. तशा मनानें सुकाणू हातांत ठेवण्याचा होता. कप्तान टगवरच होता. ‘माझ्या घरीं असें झालें आहे, मला मोकळें करा,’ एवढे शब्द त्याच्याजवळ बोलले गेले असते, तर कदाचित् दोन परक्या घरांतील दिवे विझले नसते.

यावरून घरच्या माणसांनीं काय शिकावें? ज्या घरांतील मनुष्य टगवर आहे, तेथें त्याच्या पहाऱ्याच्या वेळा भिंतीवर टांगून ठेवाव्या, व त्या वेळेंत त्याला टेलिफोन करूं नये. एकत्र कुटुंबांत आजीपासून धाकट्या भावापर्यंत दहाजणांनीं दहा वेळां विचारपूस करण्यापेक्षां एकाच जबाबदार माणसानें ती करावी व सर्वांस सांगावी. दुःखाची अगर आजाराची तांतडीची वार्ता थेट त्याच्या कानांत न घालतां कंपनीच्या कचेरीमार्फत कप्तानास कळवावी. म्हणजे कप्तान दुसऱ्यास सुकाणूवर बसवून मग ती त्याला सांगेल. नौका कोठें आहे, कोठें जाणार, हें चारचौघांत जाहीर करूं नये. त्याच्या झोंपेचाहि विचार असावा. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणें खलाशास चोवीस तासांत निदान दहा तास व आठवड्यांत सत्त्याहत्तर तास विश्रांति मिळालीच पाहिजे. हे नियम ज्या करारांत आहेत त्या सागरी श्रमिकांच्या करारास हिंदुस्थान सरकारनें ऑक्टोबर २०१५ मध्यें मान्यता दिलेली आहे. त्या विश्रांतीचे तास घरच्या गप्पांनीं खाऊन टाकूं नयेत.

आणि तो सुटींत घरीं आला म्हणजे पगार किती व बढती केव्हां, याबरोबरच आणखी चार प्रश्न त्याला अवश्य विचारावे: दोर घेण्यापूर्वीं दारें लावतां ना? दोर सोडण्याची कळ चालवून पाहिली केव्हां? टाकींत उतरण्यापूर्वीं हवा मोजतां ना? जाकीट अंगावर असतें कीं खुंटीवर? प्रथम तो हंसेल. दुसऱ्या खेपेस उत्तर देईल. आणि तिसऱ्या खेपेस, घरीं विचारतील म्हणून तरी, दार लावून येईल. एवढें ज्या घरांत घडेल त्या घरानें आपल्या माणसाच्या रक्षणांतील स्वतःचा वांटा उचलला, असें आम्ही समजूं.