सातासमुद्रापार पोहोचणारा स्पर्श

२००२ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात पियानोवादनाची एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली होती. परीक्षकांपैकी एक, विख्यात पियानोवादक येफिम ब्रॉन्फमन, मात्र त्या सभागृहात नव्हते. ते होते जपानमधल्या हामामात्सु शहरात, एका पियानोसमोर. त्या पियानोवर कोणाचा हात नव्हता, तरी त्याच्या पट्ट्या खाली-वर होत होत्या. स्पर्धकांनी मिनेसोटात जे वाजवले तेच हा पियानो इंटरनेटवरून आलेल्या माहितीच्या आधारे पुन्हा वाजवत होता. सोबत वादकाचे चित्रही दिसत होते. ब्रॉन्फमन यांच्या कानावर पडला तो स्पीकरचा आवाज नव्हे, तर समोरच्या खऱ्या तारांचा नाद.

आपोआप वाजणारा पियानो तसा जुनाच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलेला ‘पियानोला’ भोके पाडलेल्या कागदी गुंडाळीवर आणि हवेच्या दाबावर चालत असे. १९८०च्या दशकात यामाहा कंपनीने ‘डिस्क्लाविअर’ आणला. त्यात कागदाची जागा संगणकाने घेतली आणि पुढे असे दोन पियानो इंटरनेटने जोडणे शक्य झाले.

या जोडणीतून नेमके काय जाते, हे समजून घेण्यासारखे आहे. आपल्या पेटीत आवाज लहान-मोठा होतो तो भात्यामुळे. पियानोत ते काम बोट करते. पट्टी जितक्या वेगाने दाबली जाईल तितक्या वेगाने आतली हातोडी तारेवर आदळते आणि तितका आवाज मोठा होतो. डिस्क्लाविअरमध्ये प्रकाशकिरणांवर चालणारे संवेदक पट्ट्या, हातोड्या आणि पेडल यांची हालचाल टिपतात. १९८३ पासून वापरात असलेल्या ‘मिडी’ या सांकेतिक भाषेत आघाताच्या १२८ पायऱ्या असतात; डिस्क्लाविअरच्या वरच्या श्रेणीत त्या १,०२४ आहेत. दुसऱ्या टोकाला विद्युतचुंबक तेवढ्याच वेगाने पट्टी हलवतो. ही माहिती अगदी हलकी असते. सीडीच्या दर्जाच्या आवाजाला सेकंदाला सुमारे १४ लाख बिट लागतात, तर मिडीत एक स्वर सुरू करायला तीन बाइट पुरतात.

शिकवणीत याचे मोल मोठे आहे. करोनाच्या काळात जगभरच्या संगीतशिक्षकांनी व्हिडिओ कॉलवर शिकवून पाहिले. हे कॉल बोलण्यासाठी बनवलेले असतात. पियानोचा लांबत जाणारा स्वर त्यांना गोंगाट वाटतो आणि ते तो छाटतात. मोठा आवाज दाबतात, लहान वाढवतात. विद्यार्थ्याने हळुवार वाजवले की जोरात, हेच शिक्षकाला कळेनासे होते. जोडलेल्या पियानोंत ही अडचण येत नाही. विद्यार्थ्याचा आघात शिक्षकाच्या पियानोवर जसाच्या तसा उमटतो. शिक्षकाने वाजवून दाखवले, की विद्यार्थ्याच्या समोरच्या पट्ट्या हलतात आणि त्यांवर अलगद बोटे टेकवली तर तो स्पर्श जाणवतोही. किंमत मात्र लाखांच्या घरात आहे. साध्या डिजिटल पियानोंवरूनही मिडीची माहिती पाठवता येते. फक्त खऱ्या तारांचा नाद त्यात नसतो.

दूरच्या दोघांनी एकत्र वाजवायचे म्हटले, की गाडी अडते. एकमेकांचा आवाज पोहोचायला साधारण २५ ते ३० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला, तर प्रत्येक जण दुसऱ्याची वाट पाहू लागतो आणि लय मंदावते. हवेतून एवढ्या वेळात आवाज जेमतेम दहा मीटर जातो. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे दहा हजार किलोमीटरला किमान ५० मिलिसेकंद लागणारच. ही मर्यादा निसर्गाची आहे. कितीही महाग जोडणी घेतली तरी ती ओलांडता येत नाही. त्यामुळे ‘आधी तू, मग मी’ अशी शिकवणी खंडापार जमते, जुगलबंदी जमत नाही.

वैद्यकातही असा एक प्रसंग घडला आहे. ७ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमध्ये बसलेल्या शल्यचिकित्सकांनी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथल्या ६८ वर्षांच्या रुग्ण महिलेचे पित्ताशय यंत्रमानवाच्या मदतीने काढले. आज्ञा जाऊन चित्र परत यायला सरासरी १५५ मिलिसेकंद लागत होते. शल्यचिकित्सक आपला हात थोडा सावकाश चालवू शकतो. पित्ताशय काही ताल धरत नाही. मात्र त्यांना समोर दिसत होते ते फक्त चित्र, ऊतींचा स्पर्श हाताला जाणवत नव्हता. पियानोच्या शिक्षकाला स्पर्श मिळतो, पण त्यालाही सगळे मिळत नाही.

पियानो मोजतो तो पट्टीचा वेग. त्यामागचे मनगट, कोपर आणि खांदा तो मोजत नाही. तोच मृदू स्वर सैल हातानेही निघतो आणि ताठरलेल्या हातानेही. खोलीत शेजारी बसलेला शिक्षक विद्यार्थ्याच्या खांद्यावर हात ठेवतो आणि त्याला ते क्षणात कळते. पियानोवादकांत हात, मनगट आणि मानेची दुखणी नेहमीची आहेत; त्यांची सुरुवात बहुधा याच ताठरपणात असते.

काही विकार मात्र स्वरांमध्येच उमटतात. अमेरिकन पियानोवादक लिऑन फ्लायशर यांच्या उजव्या हाताची दोन बोटे १९६०च्या दशकाच्या मध्यात आपोआप आत वळू लागली. हा ‘फोकल डिस्टोनिया’. यात दोष मेंदूकडून होणाऱ्या स्नायूंच्या नियंत्रणात असतो आणि वेदना बहुधा नसतात. कित्येक वर्षे ते डाव्या हातासाठी लिहिलेल्या रचना वाजवत राहिले. १९९०च्या दशकात बोट्युलिनम टॉक्सिनच्या इंजेक्शनांनी त्यांना पुन्हा दोन्ही हातांनी वाजवता येऊ लागले. जर्मनीत हॅनोव्हर इथल्या संगीतकारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या डॉक्टरांनी अशा रुग्णांकडून सरगमीसारखे ओळीने स्वर वाजवून घेतले आणि मिडीच्या नोंदींतून दोन स्वरांमधले अंतर किती अनियमित होते ते मोजले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात पक्षाघातानंतर हाताची हालचाल परत मिळवण्यासाठीही मिडी पियानो वापरला होता.

दूरवरून शिकताना म्हणूनच एक साधी गोष्ट करावी. चेहऱ्यासमोरच्या कॅमेऱ्याखेरीज दुसरा कॅमेरा बाजूला, कोपराच्या उंचीवर लावावा. खांद्यापासून बोटांपर्यंतचा हात त्यात दिसला पाहिजे. प्रत्येक तासाला शिक्षकाने ‘कुठे दुखते का?’ असे विचारावे. वाजवणे थांबवल्यावरही राहणारे दुखणे, रात्री बोटांना येणाऱ्या मुंग्या, एखादे बोट आपोआप वळणे किंवा सवयीचा तुकडा अचानक अडखळणे, यांपैकी काहीही दिसले तर रियाज वाढवू नये, थांबवावा आणि डॉक्टरांना दाखवावे. हाताचे दुखणे स्वरात ऐकू येईपर्यंत बराच उशीर झालेला असू शकतो.