रेव्हरंड टिळकांची अनन्यभक्ती आणि ‘स्मृतिचित्रे’

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या अभंगांचे विवेचन ‘दास’ ही नाममुद्रा आणि तुकारामांचा संस्कार यांची नोंद करून बहुधा थांबते. नरसीचे नामदेव व गंगाखेडच्या जनाबाई यांच्या परिसरात वाढलेल्या आमच्या नांदेड-लातूरच्या विद्यार्थ्याला ही मुद्रा परिचयाचीच वाटते. मात्र या परिचयामुळेच ख्रिस्ती अनन्यभक्तीचे वेगळेपण नजरेआड होण्याचा संभव असतो.

देवावर संपूर्ण अंतःकरणाने प्रीती करावी, ही आज्ञा अनुवादाच्या सहाव्या अध्यायातली. मार्ककृत शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात येशू तिचा पुनरुच्चार करतो आणि लगेच शेजाऱ्यावरील प्रीतीची दुसरी आज्ञा तिला जोडतो. म्हणजे या भक्तीची कसोटी शेजाऱ्याच्या दारी लागते. टिळकांनी हे अक्षरशः मानले. १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने दिलेला ‘नवा करार’ त्यांनी वाचला. डोंगरावरील प्रवचनाने ते भारावले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, असे दोन्ही ख्रिस्तभक्त त्यात यावेत, ही त्यांची कल्पना होती.

अभंगांत या समर्पणाचा आनंद आहे. त्याचे मोल मात्र लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त कळते. पतीच्या धर्मांतरानंतर त्यांना काही वर्षे विभक्त राहावे लागले. पुन्हा संसार सुरू झाल्यावरही घरातला पैसा आणि वस्तू कोणा गरजूच्या हाती केव्हा जातील, याचा भरवसा नसे. लक्ष्मीबाई हे हसत सांगतात, आणि आपणही हसतो. पण सर्वस्व देणाऱ्याच्या ‘सर्वस्वा’त पत्नीचाही वाटा असतो, तो तिला न विचारता देता येतो काय? घरातली स्त्री हीच पहिली शेजारीण नव्हे काय? हा प्रश्न टिळकांचे मोठेपण कमी करीत नाही. तो टाळून केलेला अभ्यास मात्र, माझ्या मते, अपुरा राहतो.

लक्ष्मीबाईंची स्वतःची वाट निराळी आहे. जाती देवाने केल्या की माणसांनी, असा विचार करता करता त्यांनी कोणाच्याही हातचे पाणी पिण्याचा निश्चय केला. त्यांचे परिवर्तन असे पाण्याच्या घोटापासून सुरू झाले. दळण-कांडणातच विठ्ठलाला सोबतीस घेणाऱ्या जनाबाईंशी त्यांचे नाते टिळकांपेक्षा जवळचे वाटते, ते यामुळे. टिळकांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या मृत्यूनंतर लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. त्यातील बहुतांश अध्याय, शालेय शिक्षण न लाभलेल्या या स्त्रीचे आहेत.