दत्तक गेलेल्या चिनी मुली आणि त्यांची भाषा

चिनी मूल आपल्या आईला 'मामा' म्हणतें हें ऐकून आमच्या वाचकांस हसूं येईल. परंतु त्या भाषेंत नुसत्या 'मा' ह्या अक्षराचे सुरागणिक निरनिराळे अर्थ होतात. सूर उंच व स्थिर ठेवला तर आई, चढता ठेवला तर तागासारखी एक वनस्पति, खालीं उतरवून पुन्हां उचलला तर घोडा, आणि झटक्यानें खालीं टाकला तर रागें भरणें! हे सूर ज्या मुलींनीं तान्हेपणीं ऐकले, परंतु बोलूं लागण्यापूर्वींच ज्या परदेशीं दत्तक गेल्या, त्यांस ही भाषा पुढें कशी शिकवावी, हा अमेरिकेंतील हजारों घरांपुढील प्रश्न आहे.

चीननें हा मार्ग १९९२ सालीं कायद्यानें मोकळा केला व २०२४ सालीं नातलगांखेरीज इतर परदेशीयांस बंद केला. ह्या अवधींत दीड लाखांहून अधिक मुलें बाहेर गेलीं; त्यांतील सुमारें निम्मीं अमेरिकेंत. एका घरीं एकच अपत्य हा सरकारी निर्बंध आणि पुत्राची हौस ह्यांच्या कात्रींत सांपडल्यामुळें, आरंभीच्या वर्षांत तरी, त्या बहुतेक मुलीच होत्या. आपल्याकडे दत्तक म्हटला कीं वंशासाठीं घेतलेला पुत्र डोळ्यांपुढें येतो. तेथें प्रकार उलट.

हौशी आईबाप ह्या मुलींस रविवारच्या चिनी शाळेंत घालीत. परंतु त्या शाळा मुख्यतः चिनी घरांतील मुलांसाठीं निघालेल्या. शिक्षिका म्हणावयाची, "घरीं आजीला विचारून या". आणि ह्या मुलीच्या आजीस चिनीचा गंधही नाहीं! तोंडवळा चिनी, म्हणून भाषा यावयासच पाहिजे, अशी सर्वांची अपेक्षा. ती पुरी न झाली कीं मुलगी मनांतून खट्टू होते.

मग कानांत कांहीं उरतें कीं नाहीं? फ्रान्समध्यें दत्तक गेलेल्या कोरियन मुलांवर २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत पहिल्या भाषेची खूण सांपडली नाहीं. परंतु २०१४ सालीं माँट्रियल येथील संशोधकांस निराळेंच आढळलें. वर्षाच्या आंतबाहेर दत्तक आलेल्या, केवळ फ्रेंच बोलणाऱ्या नऊ ते सतरा वर्षांच्या चिनी मुलींस हे सूर ऐकवले असतां, चिनी बोलणाऱ्या मुलींप्रमाणेंच त्यांच्या मेंदूचा डावा भाग जागृत झाला. अर्थ मात्र एकीसही कळत नव्हता. म्हणजे शब्द मुळापासूनच शिकावयाचे.

शिवाय ती भाषा तिचीच होती, हेंही खरें नव्हे. क्वांगतुंग प्रांतांतील मुलीनें दाईच्या तोंडून बहुधा कँटनी ऐकली, हुनानमधील मुलीनें तेथील बोली. शाळेंत शिकवितात ती राजभाषा. गोव्यांत जन्मलेल्या मुलास हिंदी शिकवून 'तुझी मातृभाषा परत दिली' म्हणण्यासारखेंच हें! म्हणून हरवलेलें परत देण्याचा आव न आणतां, एक सुंदर परकी भाषा म्हणूनच ती शिकवावी, असें आम्हांस वाटतें.

आईबापांनीं स्वतः शेजारीं बसून शिकावें. त्यांची फजिती पाहून मुलीस धीर येतो. आधीं गाणीं, आंकडे, खाण्याचे जिन्नस, लिपि मागाहून. लिपींतही मौज आहे. 'आई' ह्या चिन्हांत डावीकडे स्त्री व उजवीकडे घोडा असतो. घोडा बिचारा केवळ उच्चार सांगण्यापुरता! पहिलें लिहावयाचें तें मुलीचें स्वतःचें चिनी नांव. पुष्कळदां तें अनाथगृहानेंच ठेवलेलें असतें, आणि कित्येक ठिकाणीं तेथील सर्व मुलांस आडनांव एकच. तरी तिकडून बरोबर आलेली वस्तु बहुधा तेवढीच.

आणि मुलीनें नको म्हटलें तर? मारूनमुटकून शिकवूं नये. बाराव्या वर्षीं पुस्तक भिरकावून देणारी मुलगी विशीनंतर जन्मदात्यांचा शोध घ्यावयाचा म्हणून आपण होऊन वर्गांत जाऊन बसते, असेंही घडतें. तोंवर तिच्या वह्या आईनें रद्दींत घालूं नयेत.