मोत्याचा मुतखडा

शीर्षक वाचून हसू आले, तर माझी मुळीच हरकत नाही. वर्गात हा विषय सांगितला तेव्हाही हशा पिकला होता. कलाशाखेच्या विद्यार्थिनीने कवितेवर लिहावे, फार तर प्रवासवर्णन लिहावे. कुत्र्याच्या मूत्राशयाशी तिचा काय संबंध? पण संबंध आला, आणि तो घरातूनच आला.

मोत्या हा आमचा आठ वर्षांचा ल्हासा अ‍ॅप्सो. गेल्या पावसाळ्यात तो प्रत्येक खांबापाशी पाय वर करून बराच वेळ उभा राहू लागला. येत मात्र दोन-चार थेंबच. आई म्हणाली, "वय झालं त्याचं." एके सकाळी ते थेंब लाल दिसले आणि आम्ही दवाखाना गाठला. क्ष-किरण चित्रात मूत्राशयात हरभऱ्याएवढे पाच खडे व काही बारीक कण स्पष्ट दिसत होते.

कुत्र्यांत आढळणारे मुतखडे मुख्यतः दोन प्रकारचे असतात. पहिला स्ट्रुव्हाइट, म्हणजे मॅग्नेशियम, अमोनियम व फॉस्फेट यांचा. तो कुत्र्यांत बहुधा जंतुसंसर्गातून होतो आणि औषध व खास आहार यांनी बहुतेकदा विरघळतो. तेथे शस्त्राची गरजच नाही. दुसरा कॅल्शियम ऑक्झलेटचा. तो विरघळत नाही, बाहेरच काढावा लागतो. ल्हासा अ‍ॅप्सोसारख्या लहान जातींत तो अधिक आढळतो. मोत्याचे खडे याच दुसऱ्या प्रकारचे निघाले.

शस्त्रक्रिया झाली ती जुन्या, सर्वमान्य पद्धतीने. पोट उघडायचे, मूत्राशयाला छेद द्यायचा, खडे चमच्यासारख्या हत्याराने उचलायचे, आत पाणी मारून धुवायचे आणि टाके घालायचे. पाचही खडे एका बाटलीत घालून डॉक्टरांनी आमच्या हाती दिले. आम्ही पेढे वाटायचेच बाकी होते. आठ दिवसांनी मोत्या पुन्हा खांबापाशी ताटकळला.

आता थोडे शरीरशास्त्र, लाज बाजूला ठेवून. नर कुत्र्याच्या शिश्नात एक हाड असते. मूत्रनलिका त्या हाडाच्या पन्हळीतून जाते आणि तेथे तिला फुगायला जागा नसते. डाळीच्या दाण्याएवढा एक कण नजरेआड राहिला होता, तो नेमका तेथे येऊन अडकला. लघवी पूर्ण तुंबली, तर कुत्रा दोन-तीन दिवसांत दगावू शकतो. डॉक्टरांनी नळीने खारे पाणी जोराने सोडून तो कण मागे मूत्राशयात ढकलला आणि तूर्त प्राण वाचवला. पण पुन्हा पोट फाडायचे? बाबांनी मोठ्या शहरातल्या एका पशुवैद्याकडे चौकशी केली. तेथे मला ही नवी पद्धत प्रथम कळली.

यात भूल दिल्यावर नळीवाटे मूत्राशय खाऱ्या पाण्याने भरतात. मग ओटीपोटावर सुमारे दीड-दोन सेंटिमीटरचा छेद घेऊन मूत्राशयाचे टोक त्या छेदाशी आणतात. त्यात एक छोटी नळी बसवून तिच्यातून दुर्बीण आत सोडतात. आतले दृश्य पडद्यावर मोठे होऊन दिसते. तारेच्या इवल्या टोपलीत खडा पकडून बाहेर काढतात आणि शेवटी लवचीक दुर्बिणीने मूत्रनलिकाही तपासतात. याहून कमी कापाकापीचे मार्गही आहेत. मादीची मूत्रनलिका रुंद असल्याने तेथूनच दुर्बीण घालून होल्मियम लेसरने खडा फोडता येतो. अगदी बारीक खडे असतील, तर भूल दिलेल्या कुत्र्याला उभे धरून भरलेले मूत्राशय दाबतात. धारेबरोबर खडे वाहून जातात. ही युक्ती मिनेसोटा विद्यापीठातील ल्युलिच, ऑस्बोर्न आदींनी 1993 मध्ये प्रसिद्ध केली.

मी त्या डॉक्टरांना म्हटले, "म्हणजे जखम लहान, हाच फायदा ना?" ते म्हणाले, "अगं, जखम तर लहान होतेच. पण खरा फायदा, आम्हाला आतलं दिसतं. उघड्या शस्त्रक्रियेत रक्त आणि पाणी यांत पुष्कळसं काम बोटांच्या अंदाजानं चालतं." मोत्याच्या बाबतीत चूक झाली होती ती याच अंदाजाची. शिवाय मूत्राशयाच्या आत राहिलेल्या टाक्याच्या दोऱ्याभोवती पुढे नवा खडा जमू शकतो. छेद लहान म्हणजे दोराही कमी. 2016 मध्ये अमेरिकेतील पशुवैद्यक तज्ज्ञांनी एकमताने जो सल्ला प्रसिद्ध केला, त्यातही शक्य तेथे अशाच पद्धतींना प्राधान्य आहे.

माणसालाही या वाटेने यायला शतके लागली. सुश्रुतसंहितेत अश्मरीची शस्त्रक्रिया सविस्तर आहे. पॅरिसमध्ये सिव्हियालने 1824 साली न कापता, मूत्रमार्गातून हत्यार घालून आतल्या आत खडा फोडला. पण त्याला दिसत नव्हते. तोही अंदाजच होता.

ही नवी पद्धत सर्वत्र मिळत नाही, खर्चही अधिक. फार मोठे किंवा पुष्कळ खडे असतील, तर जुनी पद्धतच बरी. पण एक गोष्ट कोठेही मागता येते: शस्त्रक्रिया संपताच पुन्हा क्ष-किरण चित्र. खडे किती होते आणि किती निघाले, हा हिशेब टाके घालून घरी येण्यापूर्वी जुळायला हवा. आम्ही पहिल्या वेळी तो विचारलाच नाही.

दुसऱ्या दिवशी मोत्या घरी आला. ऑक्झलेटचे खडे पुन्हा होतात, म्हणून त्याच्या जेवणात आता पाणी भरपूर असते. आई त्याच्या वाटीतले पाणी मोजते आणि मी खांबापाशी सेकंद मोजते. लोक बघतात. बघू देत.