तुळजापूरची ऐट आणि वासोट्याची वाट

"अहो, कोजागिरीला तुळजापूरला चालत गेलेय मी, वासोट्याचं काय घेऊन बसलात!" निघायच्या आधी आठ दिवस हे वाक्य मी येईल-जाईल त्याला ऐकवत होते. आम्हा सोलापूरकरांना तुळजापूरच्या पायी वारीचा अभिमान फार. ४५ किलोमीटर सडक तुडवून आईचं दर्शन घेतलं, की साऱ्या सह्याद्रीला आपण पुरून उरू असं वाटतं!

मला काळजी होती ती शेजारच्या वहिनींची. पन्नाशी उलटलेली, अंगानं जरा स्थूल. "वहिनी, तुम्ही आपल्या होडीतच बसून राहा हं," असं मी हसत म्हटलंसुद्धा. त्या काही बोलल्या नाहीत.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहाजणी निघालो. साताऱ्यात मुक्काम केला आणि पहाटे कासमार्गे बामणोली गाठली. तिथून कोयना धरणाच्या शिवसागरातून तासाभराचा लाँचचा प्रवास. पलीकडे वनखात्याच्या चौकीत नावं लिहिली, पिशव्यांतल्या प्लॅस्टिकच्या बाटल्या मोजून दिल्या. हे कोयना अभयारण्य २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. रात्री राहायला बंदी, संध्याकाळच्या आत परत फिरायचं.

ओढ्याकाठच्या मारुतीला नमस्कार करून चढायला लागलो. सोलापूरच्या उन्हात वाढलेल्या आम्हाला ते रान म्हणजे नवलच! भर दुपारी सावली, अंजनी-जांभळाची दाट झाडी, मधूनच फांदीवर उडी घेणारं शेकरू. वाटाड्यानं गव्याचे खूर दाखवले, तेव्हा सगळ्यांच्या गप्पा एकदम थांबल्या.

मी सर्वांच्या पुढे, झपाझप. आणि तिथंच चुकलं. सडकेवर एकदा लय लागली, की पाय आपोआप पडतात. इथं पाण्यापासून माथ्यापर्यंत सुमारे ५०० मीटरचा चढ, कुठं दगड, कुठं मुळं. त्यातून दोनच दिवस आधी हौसेनं घेतलेले कोरे बूट! अर्ध्या वाटेत दोन्ही टाचा सोलल्या, श्वास पुरेना. मी मटकन खाली बसले.

मागून वहिनी आल्या. पन्नास पावलं, थांबणं, घोटभर पाणी, पुन्हा पन्नास पावलं. पायात मुलाचे जुने कॅनव्हासचे बूट. "अगं, नळाला पाणी आलं की कळशा घेऊन तिसरा मजला असाच चढते मी," त्या म्हणाल्या. पिशवीतून जुन्या लुगड्याची मऊ चिंधी काढून त्यांनी माझ्या टाचा बांधल्या. वाटाड्या घड्याळ दाखवत होता. मी म्हटलं, "तुम्ही व्हा पुढे, मी इथंच थांबते." वहिनी ऐकेनात. "माझ्या मागून ये. माझ्या पुढे मात्र जायचं नाही."

गेले गुपचूप! वर बिनछपराच्या मारुतीपाशी पोचलो, तेव्हा बाकीच्या चौघी बाबुकड्याचं प्रचंड अर्धवर्तुळ पाहून परतसुद्धा आल्या होत्या. माझा बाबुकडा राहिला तो राहिलाच. पण खाली पसरलेला शिवसागर पाहत कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खाल्ली, तशी गोडी पक्वान्नाला नाही.

जाणाऱ्या मैत्रिणींना चार गोष्टी सांगते. नवे बूट पंधरा दिवस घरात वापरावेत, सुती मोजे घालावेत. रोज दहा मिनिटं जिना चढावा-उतरावा. पाणी माणशी दोन लिटर तरी हवंच. उतरताना गुडघ्यांवर भार येतो, हातात काठी ठेवावी. पावसाळ्यात ही वाट बंद असते, तेव्हा दिवाळीनंतरच बेत करावा. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, जी सर्वांत हळू चालते तिला पुढे ठेवावं. तिच्यामागून सगळ्याच पोचतात.

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "काय, तुळजापूरपेक्षा सोपं गेलं ना?" मी टाचांना तूप चोळत गप्प बसले.

काल वहिनींनी भिंतीवरून हाक मारली, "यंदा कोजागिरीला तुळजापूरला येऊ का गं मी? जमेल का मला?"

म्हटलं, "वहिनी, तुम्ही पुढे चला. मी मागून येते."