जाहिरातीचे फळ मोजण्याआधी गोलची यादी मागवा

पूर्वी दुकानाची जाहिरात म्हणजे भिंतीवरची पाटी, सणासुदीची हँडबिले किंवा वर्तमानपत्रातील चौकट. तिच्यामुळे किती गिऱ्हाईक आले, याचा हिशेब लागत नसे. आज आपले अनेक व्यापारी व कारागीर बांधव गूगलवर जाहिरात देतात. २००० साली ‘ॲडवर्ड्स’ या नावाने सुरू झालेली आणि २०१८ पासून ‘गूगल ॲड्स’ म्हणून ओळखली जाणारी ही व्यवस्था जाहिरातीचे फळ मोजून दाखवते. पण फळ कशाला म्हणायचे, हे आपल्या खात्यात कोणी तरी आधी लिहून ठेवलेले असते. ते वाचल्याशिवाय अहवालातील आकड्यांना अर्थ नाही.

जाहिरात पाहून आलेल्या माणसाने जे करावे असे आपल्याला वाटते, त्याला ‘कन्व्हर्जन’ म्हणतात. खरेदी, फोन, चौकशीचा अर्ज किंवा नुसते एखादे पान उघडणे, यांपैकी काहीही कन्व्हर्जन ठरवता येते. एका प्रकारच्या अशा नोंदींचा गट म्हणजे ‘कन्व्हर्जन गोल’. कन्व्हर्जन वाढवण्यासाठी आपोआप बोली लावण्याची पद्धत निवडली असेल, तर यंत्र मोजून थांबत नाही. आपण ज्याला फळ म्हटले तेच जास्त मिळावे म्हणून ते आपला पैसा खर्च करते.

समजा, ओढण्या विकणाऱ्या एका व्यापाऱ्याच्या खात्यात ‘पान उघडले’ हेच मुख्य कन्व्हर्जन आहे. महिन्याला १०,००० रुपये खर्च झाले आणि अहवालात ४०० कन्व्हर्जन दिसली. जाहिरात सांभाळणारा म्हणेल, २५ रुपयांत एक गिऱ्हाईक मिळाले. प्रत्यक्षात विक्री झाली ८, म्हणजे एका विक्रीमागे १,२५० रुपये गेले. यंत्र खोटे बोललेले नाही. त्याला पाने उघडणारी माणसे आणायला सांगितले होते, ती त्याने आणली.

यादी कशी मिळते?

गूगल ॲड्सच्या खात्यात ‘गोल्स’ या भागात ही यादी डोळ्यांनी पाहता येते. ज्यांची खाती अनेक आहेत, त्यांच्यासाठी ‘एपीआय’ आहे. एपीआय म्हणजे एका संगणकाने दुसऱ्याला ठरावीक भाषेत विचारण्याची खिडकी. तेथे खात्याचा १० अंकी क्रमांक, गूगलकडून मिळालेले विकसकाचे टोकन आणि खातेदाराची परवानगी द्यावी लागते. मग यादी रकान्यांत मिळते. जुनी ॲडवर्ड्स एपीआय एप्रिल २०२२ मध्ये बंद झाली. तिच्यासाठी लिहिलेले साधन कोणी विकायला आणले तर घेऊ नये.

साधन बनवून घेताना त्यासोबत प्रत्येक रकान्याचा अर्थ सांगणारे टिपण मागावे. ताग्यावर पन्हा आणि मीटर लिहिलेले नसतील तर आम्ही कापडवाले माल उचलत नाही. येथेही तोच नियम लावावा. टिपणात निदान पुढील गोष्टी हव्यात :

१. प्रकार : खरेदी, फोन, अर्ज की पान उघडणे.

२. मुख्य की दुय्यम : मुख्य कन्व्हर्जन बोली लावण्यासाठी वापरले जाते व ‘कन्व्हर्जन’च्या रकान्यात येते. दुय्यम साधारणपणे फक्त पाहणीसाठी असते.

३. मोजणी : एका क्लिकमागे एकदाच की प्रत्येक वेळी. विक्रीसाठी प्रत्येक वेळी मोजणे योग्य. चौकशीसाठी एकदाच, कारण एकाच माणसाने तीनदा अर्ज भरला तरी गिऱ्हाईक एकच.

४. मुदत : क्लिकनंतर किती दिवसांतील खरेदी जाहिरातीच्या नावे जमा करायची. संकेतस्थळावरील खरेदीसाठी एरवी ३० दिवस धरले जातात. ते १ ते ९० पर्यंत बदलता येतात.

५. किंमत : कन्व्हर्जनला दिलेली किंमत साध्या चलनात येते, पण जाहिरातीचा खर्च याच खिडकीतून मागवला तर तो ‘मायक्रो’त येतो. १ रुपया म्हणजे १०,००,००० मायक्रो. हे लिहिलेले नसेल तर नफ्या-तोट्याचे गणितच उलटेल.

६. स्थिती : नोंद चालू आहे की काढून टाकलेली.

सावधगिरी

यादी काढणाऱ्याला खात्याची पूर्ण मालकी देण्याचे कारण नाही. गूगल ॲड्समध्ये ‘केवळ वाचन’ अशी परवानगी देता येते, तेवढी पुरेशी आहे. खाते स्वतःच्या नावाने व स्वतःच्या ईमेलवर उघडावे. दुकानाची किल्ली जशी मुनिमाच्या घरी राहत नाही, तसेच हे आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ही यादी काय मोजायचे ठरले आहे तेवढेच सांगते. मोजणी बरोबर होते की नाही, हे सांगत नाही. त्यासाठी आपली विक्रीवही आहेच. महिनाअखेरीस अहवालातील खरेदीचा आकडा आणि वहीतील ऑनलाइन विक्री शेजारी ठेवून पाहावी. थोडा फरक राहील, कारण काही गिऱ्हाईक जाहिरातीशिवायही येते. पण अहवालातील खरेदी वहीतील विक्रीपेक्षा जास्त भरली, तर पुढचा रुपया टाकण्याआधी जाहिरात सांभाळणाऱ्याला बोलावून ही यादी त्याच्यासमोर ठेवावी व प्रत्येक ओळीचा खुलासा मागावा.