रामघाटाच्या भिंतींना आधी निदान हवं, मग गिलावा

काशीतल्या रामघाटासारख्या जुन्या दगडी वस्तीत भिंतीला ओल आली की ठेकेदार 'डॅम्प आहे' म्हणतो आणि सिमेंटचा जाड गिलावा सुचवतो. इंग्रजीतला हा शब्द पसरट आहे. कोळशाच्या खाणीतल्या स्फोटक मिथेनला फायरडॅम्प म्हणतात आणि जीव गुदमरवणाऱ्या हवेला ब्लॅकडॅम्प. खाणीत यांची गल्लत झाली तर जीव जाऊ शकतो, आणि तिथे प्रत्येक डॅम्पला वेगळं नाव आहे. भिंतींच्या बाबतीत ही शिस्त आपण लावून घेतलेली नाही. माझं म्हणणं असं की रामघाट, भोसले घाट, गणेश घाट अशा मराठी इतिहासाशी जोडलेल्या घाटांवरच्या वास्तू वाचवायच्या असतील, तर आधी ओल कुठून येते ते ठरवलं पाहिजे.

एक ओल पुराची. वाराणसीत गंगेची धोक्याची पातळी 71.262 मीटर आहे. 1978च्या सप्टेंबरात पाणी 73.901 मीटरपर्यंत चढलं होतं. पूर ओसरला तरी जाड भिंत पोटातलं पाणी महिनोन्‌महिने सोडत राहते. दुसरी जमिनीतून चढणारी. वाळूच्या दगडाला बारीक छिद्रं असतात, त्यांतून पाणी आपोआप वर ओढलं जातं आणि सोबत क्षार आणतं. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, त्यांचे स्फटिक फुगतात आणि दगडाचा पापुद्रा निघतो. यालाच आपण लोणा लागला म्हणतो. बोट फिरवलं की पांढरी पूड आणि वाळूचे कण एकत्रच गळतात. तिसरी ओल भिंतीतली नाहीच, ती हवेतली. पावसाळ्यात हवा 32 अंश आणि आर्द्रता 80 टक्के असेल, तर साधारण 28 अंशांखालच्या कोणत्याही पृष्ठभागावर दव धरतं. कोंदट, जाड भिंतींच्या खोलीत हे सहज घडतं. तिथे गिलाव्याचा उपयोग शून्य. खिडकी कधी उघडायची आणि कधी बंद ठेवायची, एवढंच हाती असतं.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की एवढी चिकित्सा सामान्य घरमालकाला कशी जमणार? जमते. प्लास्टिकचा हातभर तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट बसवावा आणि दोन दिवसांनी पाहावा. थेंब खोलीच्या बाजूने असतील तर ओल हवेतली, भिंतीच्या बाजूने असतील तर आतली. दुसरा आक्षेप वजनदार आहे: सिमेंटऐवजी चुन्याचा गिलावा करा म्हटलं, तर चुना मऊ असतो, तो पुराच्या धारेत टिकणार नाही, सिमेंट टिकेल. धारेचा मार थेट सोसणाऱ्या पायऱ्यांपुरतं हे मान्य करायला हवं. पण राहत्या भिंतीवर सिमेंटचा घट्टपणाच घात करतो. पाण्याची बाहेर पडायची वाट बंद झाली की ते आणखी वर चढतं, आणि क्षार सिमेंटमागच्या दगडातच साचून तो पोखरतात. चुन्याचा गिलावा क्षार स्वतःत घेतो आणि स्वतः झडतो. तो काही वर्षांनी बदलता येतो. दोनशे वर्षांपूर्वी घडवलेला दगड बदलता येत नाही. चुन्याचे कारागीर आता कमी, त्यामुळे खर्च वाढतो हे खरं. पण हा हिशेब मांडताना सिमेंटमागे झिजलेल्या दगडाची किंमतही त्यात धरली पाहिजे.